पेट्रो पीटचा टूथब्रश कोणी पळवला?

खडूफळा: अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात पेट्रो पीट नावाचं एक कार्टून पोरगं आहे. गोष्टीत तो उठतो तर टूथब्रश गायब, शाळेची बस गायब, का तर म्हणे पेट्रोलियमपासून बनलेलं सगळंच गेलं. खोटं काहीच नाही. पण ही गोष्टीची पुस्तकं आणि शिकवायची किट शाळांना फुकट वाटणारं ओक्लाहोमा एनर्जी रिसोर्सेस बोर्ड तेल-गॅसच्या विक्रीवरच्या ०.१ टक्का वर्गणीवर चालतं, आणि बसच्या धुराचं पुढे काय होतं ते पीट कधी विचारत नाही. हे विज्ञान की जाहिरात?

वाफेचं इंजिन: अरे फुकट किट मिळतंय तर कुठला मास्तर नाही म्हणेल? २०१८ मध्ये तिथले शिक्षक संपावर गेले तेव्हा फाटक्या पुस्तकांचे फोटो सगळ्यांनी बघितले की. निर्मळ देणगीदार सापडेपर्यंत पोरांनी काय करायचं?

खडूफळा: संपाचं काढलंस ते बरं केलंस. तोवर तेल-गॅसच्या नव्या विहिरींवर पहिली ३ वर्षं उत्पादन कर होता फक्त २ टक्के, मग ७, आणि संपाच्या तोंडावर तो २ चा ५ केला. म्हणजे तिजोरीत हात आखडता आणि वर्गात किट घेऊन दानशूर, वा रे वा.

चष्मेवाली: कोळसावाल्यांचंही तेच. स्कोलास्टिक या शालेय पुस्तकांच्या प्रकाशकाने अमेरिकन कोल फाउंडेशनच्या पैशातून चौथीसाठी धडे काढले, कोळशाचे फायदे भरपूर, धुराबद्दल मौन, ओरडा झाल्यावर २०११ मध्ये मागे घेतले. आणि १९९८ चा अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट या तेल कंपन्यांच्या संघटनेचा आराखडा तर उघडच म्हणतो की शिक्षक-विद्यार्थ्यांना हवामानशास्त्रातली 'अनिश्चितता' सांगितली की प्रदूषक वायू कमी करायच्या क्योटो करारासारख्या उपायांपुढे अडसर उभा राहील.

वाफेचं इंजिन: तो आराखडा वाईटच, त्यावर वाद नाही. पण शंका पेरणं वेगळं आणि आपल्या धंद्याची टिमकी वाजवणं वेगळं, पीट बिचारा दुसऱ्या जातीचा. खरं दुखणं हे की २०१६ च्या अमेरिकेतल्या सर्वेक्षणात विज्ञानाचा साधारण शिक्षक हवामानबदलावर वर्षाला एक-दोन तासच देतो असं दिसलं, आणि निम्म्याहून जास्त जणांना कॉलेजात हे रीतसर शिकवलेलंच नव्हतं. पीटला हाकलून ते तास वाढणार आहेत का?

खडूफळा: नाही वाढणार. पण ज्याला स्वतःलाच शिकवलेलं नाही तो ऐनवेळी काय घेतो, कपाटात जे तयार पडलंय तेच ना? म्हणून तर कपाट भरून देतात.

वाफेचं इंजिन: मग पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात छापा, पैसे कोणाचे ते. पीट राहू दे.

चष्मेवाली: आठ वर्षांचं पोर ते पान वाचतं होय? ते थेट टूथब्रशच्या चित्रावर जातं.