‘मूनलाइट’खाली किक ड्रम घातला तर नेमकं कोणाचं बिघडतं?

बीपीएम१२८ (धागाकर्ता, पणजी)

काल इथल्याच एका सद्गृहस्थांनी लिहिलं, "क्लासिकल पियानोच्या रचनांचं ईडीएम करणं म्हणजे गाभाऱ्यात चपला घालून नाचणं. घराघरांत पियानो असलेल्या गोव्यात तरी हे थेर नकोत." खाली अंगठ्यांची रांग. प्रतिसादात लिहायला बसलो तर लांबलं, म्हणून वेगळा धागा.

मी हेच थेर करतो, म्हणजे बेथोव्हेनच्या ‘मूनलाइट’ सोनाटासारख्या पियानोच्या रचनांखाली किक ड्रमचा धप्-धप् ठोका घालून नाचायचं इलेक्ट्रॉनिक संगीत (ईडीएम) करतो, त्यामुळे मिरची लागली हे उघड आहे. पण मला सांगा, रशियन संगीतकार मुसोर्ग्स्कीने १८७४ मध्ये ‘पिक्चर्स ॲट ॲन एक्झिबिशन’ पियानोसाठी लिहिलं. आज बहुतेकांच्या कानात ते रावेलने १९२२ मध्ये ऑर्केस्ट्रासाठी बसवलं त्यामुळे आहे. १९७१ मध्ये इमर्सन, लेक अँड पामर या रॉक त्रिकुटाने तेच वाजवलं. वेंडी कार्लोसने १९६८ मध्ये मूग सिंथेसायझरवर बाख केला, तोही एका वेळी एकच स्वर निघणाऱ्या यंत्रावर, टेपवर थरावर थर चढवत. १९७४ मध्ये तोमिताने देब्युसीच्या पियानोच्या रचना सिंथवर नेल्या. यातल्या कोणाच्या चपला गाभाऱ्याबाहेर होत्या?

आणि ‘मूळ’ म्हणजे काय हो? ‘मूनलाइट’ची पहिली मूव्हमेंट, म्हणजे पहिला भाग, डँपर उचलून, म्हणजे पेडल दाबून ठेवून वाजवा, असं १८०१ च्या आसपास बेथोव्हेनने स्वतः लिहिलंय. त्याच्या पियानोवर स्वर चटकन विरायचा. आजच्या पियानोवर तसं केलं तर नुसता राडा होतो, म्हणून जवळजवळ प्रत्येक वादक पेडल आपल्या मनाने बदलतो. मग शुद्धतेचं सोवळं नेमकं कोणी नेसलंय?

पेटीमास्तर

रावेल आणि तुझा लॅपटॉप एकाच पंगतीला बसवलेस. देव बरें करूं.

रावेलने रंग बदलले, चाल मोडली नाही. तुम्ही आधी चाल मोडता. ‘फ्यूर एलिझ’ तीन-अष्टमांशात आहे. तिच्याखाली चाराचा ठोका घालायचा तर प्रत्येक मापात कुठेतरी स्वर ताणावा लागतो, नाहीतर कापावा लागतो. शोपाँचं तर विचारूच नका. त्याचा रुबातो, म्हणजे क्षणभर रेंगाळून मग भरपाई करणं, तुमच्या त्या चौकटीत टाकला की सगळे स्वर शाळेच्या प्रार्थनेसारखे रांगेत उभे. ज्या गोव्यात लयीच्या अवघड हिशोबांसाठी नावाजलेले तबलजी खाप्रुमाम पर्वतकर होऊन गेले, तिथे तुम्हाला चाराच्या पुढे मोजता येऊ नये?

बीपीएम१२८

‘एलिझ’चं मान्य. ती चारात कोंबलेली मलाही ऐकवत नाही. लिहून घ्या, फ्रेम करा, पेटीवर टांगा.

पण ‘मूनलाइट’ मुळातच त्या मापात बसते, प्रत्येक मात्रेत तीन-तीन स्वर. तिथे मी काहीच ताणत नाही. आणि खाप्रुमामांना मधे आणू नका, त्यांच्या हिशोबासमोर तुम्ही-आम्ही दोघेही बिगरीत.

सासष्टीची सून

"घराघरांत पियानो" हे वाचून हसू आलं. कोणाच्या घराघरांत? फोंड्याला माझ्या माहेरी पेटी होती, तीही भजनी मंडळाची. मडगावला सासरी पियानो आहे तो शेजारी इंग्लंडला गेले तेव्हा ठेवून गेले म्हणून. पावसाळ्यात त्याच्या आत बल्ब लावून ठेवावा लागतो, नाहीतर पट्ट्या फुगतात आणि दाबलेली वर येत नाही. लाइट गेली की सासूबाई आधी पियानोकडे धावतात, मग फ्रिजकडे.

मुलाने कुठलं तरी रीमिक्स ऐकून ‘मूनलाइट’ शिकायला घेतली. पहिलं पान बसलं. तिसरी मूव्हमेंट ऐकवली तर सरळ फुटबॉलला पळाला. पण ते पहिलं पान रीमिक्समुळे आलं, सरांच्या ओरडण्यामुळे नाही.

वाचनमात्र

एक आठवण करून देतो. चर्चच्या शाळांत सोल्फेज, म्हणजे कागदावरचे स्वर वाचून गाणं, शिकलेले गोंयकार मुंबईला गेले आणि हिंदी सिनेमाला नोटेशन लिहून देऊ लागले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यातलेच. १९६१ च्या ‘छाया’त सलील चौधरींनी मोझार्टच्या चाळिसाव्या सिम्फनीवरून गाणं केलं, ते आपले आईवडील आजही गुणगुणतात. तेव्हा गाभारा बाटला नाही.

पेटीमास्तर

त्या लोकांना कागद वाचता येत होता. इथे तयार मिडी फाइल, म्हणजे स्वर आधीच भरलेली कॉम्प्युटरची फाइल, उतरवतात, ठोका चिकटवतात, संध्याकाळपर्यंत कलाकार. फरक कळत नसेल तर वाचनमात्रच राहा.

मांद्रेकर

तुमचं मूळ आणि मोझार्ट ठेवा बाजूला. किनाऱ्यावरच्या डीजेमुळे रात्री दीड वाजता माझ्या खिडकीची तावदानं थडथडतात. बेथोव्हेन आहे की भुताटकी, काही कळत नाही, चाल पोचतच नाही. पोचतं ते फक्त धप्-धप्-धप्. आई अंथरुणात उठून बसते. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सहा लाऊडस्पीकर बंद, रहिवासी भागात रात्रीची मर्यादा ४५ डेसिबल. तक्रार केली की मीटर घेऊन येतात आणि म्हणतात, विशेष काही नाही.

बीपीएम१२८

मी किनाऱ्यावर वाजवत नाही, इअरफोन लावून घरी बसतो. तरी विचारतो, तुमच्या पेडण्यात जत्रेला दशावतार उजाडेपर्यंत चालतो, कर्णे लावून. तेव्हा नियम २००० कुठे झोपतो?

मांद्रेकर

दशावताराला हात लावायचं काम नाही! पायपेटी, मृदंग आणि झांज. देवाचं आहे, गावाचं आहे, वर्षातून एकदा आहे. पडद्यामागे राजा विडी ओढत बसलेला असतो तोही आमच्याच वाड्यावरचा. तुमचा डीजे कुठला, पैसे कोणाचे, सकाळी बाटल्या कोण उचलतं?

सासष्टीची सून

वर्षातून एकदा तुमच्या देवळात, एकदा शेजारच्या, एकदा त्याच्या पलीकडच्या. माझी मावशी कोरगावला राहते, तिला विचारा.

मांद्रेकर

मावशीला जागं राहायचं नसेल तर कापूस घालू दे कानात. मडगावकरांनी पेडण्याला शिकवू नये.

डेसिबलदादा

भांडा, पण मीटरचं समजून घ्या. नियमातला डेसिबल ए-वेटिंगचा आहे, म्हणजे माणसाच्या कानाला जे कमी ऐकू येतं ते कमी धरणारा. ५० हर्ट्झच्या आसपासचा आवाज त्यात सुमारे ३० डेसिबल कमी धरला जातो. किकचा जोर नेमका तिथेच असतो. त्याची तरंगलांबी जवळजवळ ७ मीटर, तुमची भिंत त्याला दिसतही नाही. म्हणून तावदान वाजतं आणि मीटर गप्प. दशावताराच्या कर्ण्यातून ५० हर्ट्झ बाहेरच पडत नाही, त्यातून फक्त राक्षस किंचाळतो, आणि तो मीटरवर लख्ख दिसतो.

मांद्रेकर

म्हणजे दोषी दशावतारच ठरणार! वा! म्हणूनच मी मीटरवाल्यांना चहा विचारणं बंद केलंय.

पेटीमास्तर

दादांनी माझंच काम केलं. पियानोवर हातोडी पडली की त्या क्षणापासून स्वर विरायला लागतो. ‘मूनलाइट’ची सगळी गंमत त्या विरण्यात आहे, खालचा बास जाता जाता वरचे तीन स्वर त्याला धरून ठेवतात. तिथेच तुम्ही धपका घालता. वर साइडचेन नावाची करामत लावून प्रत्येक किकसरशी पियानो मुद्दाम दाबता. गायकाच्या तोंडावर हात ठेवून ताल धरणं झालं हे.

बीपीएम१२८

हो, मुद्दाम. त्या दबण्यातून झोका तयार होतो आणि नाचणाऱ्याला तोच हवा असतो.

आता तुमच्या पेटीचं. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदी घातली, कारण परकी, मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत. १९७० च्या आगेमागे ती ढिली झाली. तेव्हा दारावर उभ्या असलेल्या शिपायाचा डगला आज तुम्ही घातलाय, आणि तोही छान बसतोय अंगाला.

पेटीमास्तर

वर्मावर बोट ठेवलंस, हुशार आहेस. पण पेटी गाण्यामागून चालते. गवई थांबला की तीही थांबते. तुझी किक कोणासाठी थांबते?

बीपीएम१२८

माझ्या ‘मूनलाइट’मध्ये दुसऱ्या मिनिटापर्यंत किक नाहीच. पाठवू?

पेटीमास्तर

पाठव. दुसऱ्या मिनिटापर्यंत ऐकतो.

मांद्रेकर

ए-वेटिंगशिवाय मोजायला लावणारा अर्ज कसा लिहायचा, ते कोणी सांगेल का? दशावताराचा उल्लेख न करता.