मुलीला लस, तपासणी आईची

एका ताईंनी विचारलंय, नववीतल्या भाचीच्या गर्भपिशवीच्या तोंडाची कॅन्सरसाठी तपासणी करून घ्यायची का. काही त्रास नसेल तर नको. या वयात एचपीव्हीची, म्हणजे हा कॅन्सर ज्या विषाणूमुळं होतो त्याची, लस घ्यायची, ९ ते १४ वर्षांत घेतली तर उत्तम. तपासणी ३० नंतर, लस घेतली असली तरी.

तिच्या आईला मात्र न्या! आमच्या यवतमाळकडं कापूस वेचणीच्या दिवसांत बाई दवाखान्याचं नाव काढत नाही, मजुरी बुडते ना. अंगावरून पांढरं जातं तेही 'उष्णता' म्हणून सोडून देतात. तपासणी साधी असते: पातळ अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड लावून मिनिटभरानं पांढरा डाग उमटतो का पाहतात. चिरफाड नाही. गावातल्या आशा सेविकेला विचारा, वेचणी उलगली की दोघी सोबत जा.