शब्दचर्चा: ‘डायव्हेस्टमेंट’ला निर्गुंतवणूक म्हणावं का?

कानामात्रा
घातक उद्योगांना कर्ज देणाऱ्या बँकांमधून पालिकेने पैसा काढावा, अशा मागणीचं निवेदन मराठीत लिहायचं आहे. दाखला म्हणून अमेरिकेतलं सिअॅटल शहर घेतलं आहे. ७ फेब्रुवारी २०१७ रोजी तिथल्या नगरसभेने ९ विरुद्ध ० मतांनी वेल्स फार्गो बँकेशी संबंध तोडायचं ठरवलं. ही बँक डकोटा अॅक्सेस तेलवाहिनीच्या कर्जदात्यांपैकी एक, त्यात ग्राहकांच्या नकळत खोटी खाती उघडल्याचं प्रकरण तेव्हा ताजं. विधेयक पुढे रेटणाऱ्या तेव्हाच्या नगरसेविका क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या, म्हणून इथेही उत्सुकता असते. मसुद्यात ‘डायव्हेस्टमेंट’साठी ‘निर्गुंतवणूक’ लिहिलं आहे, पण वाचताना खडा लागतो. दुसरा शब्द आहे का?

रोजकीर्द
खडा लागणारच. मराठी वाचकाला निर्गुंतवणूक म्हटलं की सरकारी कंपनीचे भाग (शेअर) विकणं आठवतं, केंद्रात त्या नावाचं मंत्रालयच होतं. म्हणजे निवेदनाचा पहिला परिच्छेद वाचून माणसाला वाटेल की पालिका काहीतरी विकायला काढते आहे. तुमची मागणी तर भलतीच आहे.

इंग्रजीतही पूर्वी दोन शब्द होते. वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेविरुद्धच्या चळवळीत विद्यापीठांनी, पेन्शन फंडांनी भाग विकले तर ते डायव्हेस्टमेंट, आणि कंपनीनेच त्या देशातला धंदा गुंडाळला तर डिसइन्व्हेस्टमेंट. मराठीने दोघांना एकाच शब्दात कोंबलं.

आता सिअॅटलचं पाहा. शहराचं बँकेशी नातं तीन पदरी असतं. पहिला पदर रोजच्या बँकसेवेचा. त्या शहराची वीज आणि पाणी पालिकेचंच, त्यामुळे बिलांचे चेक, कार्डाने भरलेले पैसे, कर्मचाऱ्यांचे पगार, ठेकेदारांची देणी, सगळं त्या खात्यातून जातं. दुसरा पदर शिल्लक पैशातून घेतलेल्या रोख्यांचा. तिसरा पेन्शन फंडाचा, आणि त्याचे विश्वस्त निराळे असतात. निर्गुंतवणूक हा शब्द दुसऱ्या-तिसऱ्या पदराला चालेल. पहिल्याला अजिबात नाही, कारण तिथे गुंतवणूकच नाही, तिथे सेवा-करार आहे. बातमी झाली ती याच पहिल्या पदराची.

टाचण
म्हणूनच बातम्यांतलं ‘३ अब्ज डॉलर काढून घेतले’ हे वाक्य मसुद्यात असेल तर आधी ते खोडा. ३ अब्ज ही खात्यातून वर्षभरात फिरणारी रक्कम, म्हणजे उलाढाल. त्या दिवशी खात्यात पडून असलेली शिल्लक नव्हे. पैसा येतो आणि पगारात, देण्यांत निघून जातो. लेखा विभागातला माणूस हे वाक्य वाचेल आणि बाकीचं निवेदन बाजूला ठेवेल.

दुसरं, ‘काढून घेतले’ हा भूतकाळही चूक. करार २०१८ अखेरपर्यंत होता आणि त्याचं नूतनीकरण करायचं नाही, एवढं ठरलं. रोख्यांबाबत किमान तीन वर्षं नवी खरेदी नको, असं म्हटलं. नवी खरेदी थांबवणं आणि हातातले रोखे विकणं या दोन गोष्टी आहेत. मराठीत पहिलीला ‘गुंतवणूकबंदी’ म्हणता येईल. दुसरी खरी निर्गुंतवणूक.

आणि ‘अध्यादेश काढला’ नको. तिथल्या ऑर्डिनन्सला आपल्या राज्यपालांच्या अध्यादेशाशी काही देणंघेणं नाही. सभेने मंजूर करायचा आणि महापौराने सही करायची, असा तो शहराचा कायदा. ‘नगर-कायदा’ किंवा सरळ ‘उपविधी’ लिहा. नुसता ‘ठराव’ म्हटलं तर तो इच्छा व्यक्त करून थांबतो, अधिकाऱ्यांना बांधत नाही. सिटी कौन्सिलला ‘नगर परिषद’ म्हणणंही टाळलेलं बरं, इथे छोट्या गावाची नगर परिषद डोळ्यांपुढे येते. तुमचा ‘नगरसभा’ ठीक आहे.

कानामात्रा
मग पहिल्या पदरासाठी ‘ठेवी काढून घ्या’ लिहू का?

रोजकीर्द
नको. मुदत ठेवींना शोभेल ते. आपल्याकडे पालिकांचा पैसा मुदत ठेवींत असतो, म्हणून जीभ तिकडे वळते. करारासाठी ‘बँकसेवा-कराराचं नूतनीकरण करू नये’ असंच लांबलचक लिहा. लांब असलं तरी नेमकं कोणत्या टेबलावर जायचं ते त्यात आहे.

पण नुसतं तेवढं मागितलं की काय होतं, तेही सिअॅटलनेच दाखवलं. शहराने निविदा काढल्या, आणि २०१८ मध्ये पुन्हा वेल्स फार्गोशीच करार करावा लागला, कारण दुसरं कुणी पुढेच आलं नाही. कारणं साधी आहेत. सार्वजनिक पैसा घेणाऱ्या बँकेला ठेव-विम्याबाहेरच्या रकमेपोटी रोखे तारण ठेवावे लागतात. तेवढे रोखे आणि रोज हजारो बिलं हाताळणारी यंत्रणा लहान बँकेकडे नसते. तिथल्या पतसंस्थांना तर अशा मोठ्या शहराची ठेव विम्याच्या मर्यादेपर्यंतच, म्हणजे अडीच लाख डॉलरपर्यंतच घेता येत होती. एवढ्याशा पैशात शहराचा एका दिवसाचा व्यवहारही बसत नाही.

तेव्हा निवेदनात ‘नूतनीकरण नको’च्या आधी पर्याय मागा. करार कधी संपतो ते विचारा आणि त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी हालचाल करा. बिलवसुली, पगार, कार्ड-व्यवहार असे तुकडे पाडून निविदा मागवायला सांगा. (तुकडे पाडूनही बँका येतील याची हमी नाही, पण एकाच गठ्ठ्यात मागितलं तर मोठीच येणार हे ठरलेलं.) निविदेच्या गुणांकनात कर्जवाटपाच्या धोरणाला गुण ठेवा, पण गुण किती ते आकड्यात लिहा. ‘सामाजिक बांधिलकी पाहावी’ असं लिहिलेल्या कलमातून कुणीही सुटतो.

टाचण
मराठी वाचकासाठी एक तळटीप हवीच. इथे पालिकांनी बँक बदलली ती बहुधा पैसा बुडेल या भीतीने. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर निर्बंध आले आणि पिंपरी-चिंचवड पालिकेचे ९०० कोटींहून जास्त रुपये अडकले. मग राज्य सरकारने खाती राष्ट्रीयीकृत बँकांत ठेवायला सांगितलं. तुमचं निवेदन इथल्या पालिकेला द्यायचं असेल आणि ती सूचना अजून लागू असेल तर पर्यायांची यादी तिथेच आखडते, आणि राष्ट्रीयीकृत बँकाही औष्णिक वीज प्रकल्पांना कर्ज देतातच. तिथे ‘बँक सोडा’ म्हणण्यापेक्षा ‘कोणाला किती कर्ज दिलं ते दरवर्षी पालिकेला कळवण्याची अट घाला’ असं मागणं जास्त पोचतं.

कानामात्रा
ठीक. मुख्य वाक्य असं केलं: ‘पालिकेने सदर बँकेसोबतच्या बँकसेवा-कराराची मुदत संपल्यावर नूतनीकरण करू नये, तिच्या रोख्यांत नवी गुंतवणूक करू नये, आणि हातातले रोखे मुदतपूर्तीला वळते करून घ्यावेत.’

रोजकीर्द
‘वळते’ नको, त्याने पैसा एका खात्यातून दुसऱ्यात गेला एवढंच कळतं. ‘मुदत भरली की वटवून घ्यावेत’ करा. मुदतीआधी विकायला सांगितलं तर भाव पडलेला असताना तोटा कोणी सोसायचा, हा पहिला प्रश्न लेखापरीक्षक विचारेल. शीर्षकात मात्र ‘निर्गुंतवणूक’ राहू दे, शोधणारे तोच शब्द टाकतात.