प्रति: येशू भेटला हे कळतं कसं?

वर एका ताईंनी विचारलंय, की ज्यांना कधी दृष्टान्त झाला नाही, आवाज ऐकू आला नाही, त्यांना येशू भेटलाच नाही असं समजायचं का. मला तसं मुळीच वाटत नाही. लूकच्या शुभवर्तमानात (अध्याय २४) अम्माऊस गावाच्या वाटेवर दोन शिष्य मरणातून उठलेल्या येशूशी बोलत चालले, तरी त्यांनी त्याला ओळखलं नाही. त्यानं भाकर मोडली तेव्हा त्यांचे डोळे उघडले, आणि तोवर तो दिसेनासा झाला. वाटेतच आपलं अंतःकरण पेटलं होतं, हे त्यांना मागाहून उमगलं.

आपल्या साताऱ्याचंच बघा. रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा, पण ओढ तिथं संपली नाही. १९१७ मध्ये मिशनचं काम सोडून त्यांनी इथं ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही त्यात जागा होती.

माझ्यापुरतं सांगते. मिरजेला दवाखान्यात आईच्या उशाशी प्रार्थना करताना शब्द संपायचे, आणि तरी कुणीतरी सोबत आहे हे स्पष्ट जाणवायचं. आई वाचली नाही. ती सोबत मात्र अजून आहे. ताई, लूकचा तो अध्याय एकदा सावकाश वाचा, घाई करू नका.