'अल-इफ्रंज'ला मराठीत काय म्हणावं? फिरंगी की क्रूसवीर?

शाईचा डाग: उसामा इब्न मुनकिधच्या आठवणींची काही पानं मराठीत करतोय. हा उत्तर शाममधल्या (आजचा सीरिया) शैझरच्या किल्ल्यावरचा सरदार, जन्म १०९५ चा. शत्रूला, म्हणजे क्रुसेडसाठी पश्चिम युरोपातून आलेल्या ख्रिस्ती फ्रँकांना, तो 'अल-इफ्रंज' म्हणतो आणि अधूनमधून 'अल्लाचा शाप असो त्यांना' असंही पुढे जोडतो. मी 'फिरंगी' लिहिलं. संपादकांनी सरसकट 'क्रूसवीर' केलं. वीर? उसामाच्या तोंडी?

जुनंपुराणं: चूकच. त्या काळच्या अरबी लेखकांकडे 'क्रुसेड' असं वेगळं नावच नाही. 'अल-हुरूब अस-सलीबिया' (क्रुसाची युद्धं) रुळलं ते एकोणिसाव्या शतकात. इतिहासकार इब्न अल-अथीर तर १०८५ मध्ये ख्रिस्त्यांनी घेतलेल्या स्पेनमधल्या तोलेदोपासून सुरुवात करतो, मग सिसिली, मग शाम. त्याच्या लेखी ही फ्रँकांची एकच चढाई.

ओसरी: 'फिरंगी' म्हटलं की आपल्याला वसईचे पोर्तुगीज दिसतात. 'धर्मयोद्धे' करा, शाळेपासून 'धर्मयुद्ध'च वाचलंय.

जुनंपुराणं: धर्मयुद्ध म्हणजे निःशस्त्रावर वार नाही. जुलै १०९९ मध्ये जेरुसलेम घेतल्यावर निःशस्त्रांची कत्तलच केली ना यांनी?

ओसरी: आणि कर्णाचं काय झालं?

मायबोलीवाला: मुळात उसने शब्द कशाला? 'ख्रिस्ती सैनिक' म्हणा.

शाईचा डाग: 'ख्रिस्ती'ही उसनाच की! शिवाय बायझंटाइनही ख्रिस्तीच, पण अरबांसाठी ते 'रूम', आपल्या 'रूमशाम'मधलं. फ्रँक निराळे. जेरुसलेमच्या अक्सा मशिदीपाशी उसामा नमाज पढत असतो, तेव्हा एक फ्रँक येऊन त्याचं तोंड पूर्वेकडे वळवतो, 'अशी कर प्रार्थना' म्हणतो. उसामाचे मित्र असलेले टेंप्लर (फ्रँकांच्याच एका लढाऊ धार्मिक पंथाचे लोक) त्या फ्रँकाला ओढून बाहेर काढतात, माफी मागतात: हा नवखा आहे, नुकताच फ्रँकांच्या मुलखातून आलाय. नवा फिरंगी, मुरलेला फिरंगी असं लिहिता येतं. 'मुरलेला क्रूसवीर' लोणच्यासारखा वाटतो.

ओसरी: हे मात्र पटलं. पण आमची आजी सांगायची, फिरंगी म्हणजे ज्याचा रंग फिरतो तो.

जुनंपुराणं: आजींना नमस्कार, पण फ्रँक, फरंग, फिरंगी ही सरळ वाट आहे. फारशीतून आलाय.

मायबोलीवाला: मग 'फिरंग' तलवार? कुरकुंभची देवी फिरंगाई?

जुनंपुराणं: तलवारीचं पातं युरोपातून यायचं, म्हणून फिरंग. भावप्रकाश या आयुर्वेदाच्या ग्रंथातला फिरंगरोगही (उपदंश) त्यांच्याच नावावर. फिरंगाईचं मात्र वेगळं असावं.

मायबोलीवाला: वेगळं कसं? देवीच्या हातात तलवार नसते काय?

ओसरी: आमच्याकडे तलवारीला 'तो फिरंग' म्हणतात.

जुनंपुराणं: ती फिरंग! कुठल्या गावचे तुम्ही?