मदत हवी आहे: सेफ्टी मीटिंगमध्ये कामगार तोंडच उघडत नाहीत

वैतागलेला_सेफ्टीवाला: लोकहो, पटकन सांगा. शुक्रवारी मोठ्या साहेबांसमोर नवीन सेफ्टी प्रोग्राम मांडायचाय आणि त्यात कामगारांचा सहभाग दाखवायचाय. दोन मीटिंगा घेतल्या, समोसे संपतात पण बोलत कोणी नाही. सजेशन बॉक्समध्ये दोन महिन्यांत एक चिठ्ठी, तीपण कँटीनच्या उसळीबद्दल. हातमोजे दिलेत ते खिशात ठेवून फिरतात. यांना बोलतं कसं करायचं?

निवांत: माणसं किती? बनतं काय? पर्मनंट का कॉन्ट्रॅक्ट? काहीच लिहिलं नाहीत.

वैतागलेला_सेफ्टीवाला: चाकण. ऑटो पार्ट्स. १८०, बहुतेक कॉन्ट्रॅक्ट. याने काय फरक पडतो?

कलमबहाद्दर: पडतो. भोपाळनंतर १९८७ च्या दुरुस्तीत फॅक्टरीज अ‍ॅक्टमध्ये कलम ४१-जी आलं, सेफ्टी कमिटीत कामगार आणि मॅनेजमेंटची माणसं सारखी हवीत. तुमच्याकडे आहेत का?

भोसरीचे_काका: अहो ते धोकादायक प्रक्रियेवाल्या कारखान्यांसाठी होतं, आणि आता नवीन कोड आलाय. कलम वाचून दाखवल्यावर कोणी बोलतं होय? मी ३२ वर्षं प्रेस शॉपला काढली. आमच्याकडे दोन्ही हात गुंतल्याशिवाय प्रेस चालू नये म्हणून दोन बटणं बसवली तर पोरं एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची, साहेब म्हणे मेमो द्या. मी चहाच्या सुट्टीत तिथंच उभं राहून विचारलं तर कळलं जॉब (प्रेसखाली ठेवलेला तुकडा) डायवर, म्हणजे साच्यावर, सरकतो, एक हात धरायलाच लागतो. डायला जॉब जागेवर धरणारी लोकेटर पिन लावली, पाचरी आपोआप गेल्या. तुमच्या मीटिंगला सुपरवायझर बसतो का?

वैतागलेला_सेफ्टीवाला: बसतो, मिनिट्स तोच लिहितो.

भोसरीचे_काका: मग झालं. त्याच्याच हातात हजेरी, कॉन्ट्रॅक्टचं पोर काय बोलणार.

गुणवत्तादूत: आयएसओ ४५००१ घेऊन टाका. कामाच्या जागच्या सुरक्षिततेचं २०१८ चं स्टँडर्ड आहे, कलम ५.४ मध्ये कामगारांशी सल्लामसलत हेच आहे. चेकलिस्ट पाठवू का?

निवांत: दादा, सर्टिफिकेट कोणी मागितलंय? मीटिंग किती वाजता असते ते सांगा आधी.

वैतागलेला_सेफ्टीवाला: पहिली शिफ्ट सुटल्यावर, सव्वातीनला.

रोजचा_प्रवासी: आणि कॉन्ट्रॅक्टरची बस साडेतीनला?? ती चुकली की तळेगाव चौकातल्या ट्रॅफिकमध्ये शेअर रिक्षात लटकायचं. मी पण गप्पच बसलो असतो. तो चौक कधी सुटणार देव जाणे, काल ४० मिनिटं एका जागी.

निवांत: चौकाचा धागा वेगळा काढा. हातमोजे कुठल्या मशीनवर?

वैतागलेला_सेफ्टीवाला: सगळीकडे. प्रेस, ड्रिल, पॅकिंग, एकच नियम.

भोसरीचे_काका: ड्रिलवर हातमोजे?? आजच्या आज काढा! फिरत्या ड्रिलमध्ये मोज्याचा एक धागा अडकला तरी हात आत ओढला जातो. पत्र्याला, स्क्रॅपला मोजे हवेतच, ड्रिल चालू असताना नाही. पोरं खिशात ठेवतायत म्हणून बोटं शाबूत आहेत तुमच्याकडे.

गुणवत्तादूत: पण ऑडिटमध्ये पीपीई (मोजे वगैरे सुरक्षेची साधनं) न घातलेलं दिसलं तर एनसी, म्हणजे त्रुटीची नोंद, लागते.

भोसरीचे_काका: एनसी लागू दे. माझं डावं अर्धं बोट ऑडिटमध्ये पास झालं होतं.

वैतागलेला_सेफ्टीवाला: आत्ता ड्रिलवाल्याला मशीनपाशीच जाऊन विचारलं, सुपरवायझर जेवायला गेल्यावर. म्हणाला, साहेब, मोजे वाटले त्याच दिवशी सांगितलं होतं, म्हणे वरून आलंय, घाला. मग पॅलेटची चाकं, अंधारा जिना, बरंच निघालं, वही भरली. पण शुक्रवारच्या स्लाइडवर लिहू काय, नियम मीच काढला होता.

निवांत: तेच लिहा. आणि उसळीच्या चिठ्ठीचं काय केलंत?

वैतागलेला_सेफ्टीवाला: फाइलला लावली.