लग्नाआधी पत्रिका वाटायला दोघंच निघालोय : चार दिवस, चौदा घरं (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझं लग्न डिसेंबरच्या मध्यात आहे, पुण्यात. बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय, अजून वॉकर सुटलेला नाही. आई त्यांना सोडून निघू शकत नाही, दादा परदेशात. त्यामुळे बाहेरगावच्या अक्षता द्यायचं काम माझ्याकडे आलंय आणि सोबत होणारा नवरा. गाडी त्याची, चालवणार तोच. (मलाही येते, पण घाटात नाही. हसू नका.)

व्हॉट्सॲपवर पत्रिका टाकून एक फोन केला तर चालणार नाही का, हा प्रश्न मी घरात एकदाच विचारला. बाबांनी उत्तर न देता जुन्या कॅलेंडरच्या पानामागे यादी लिहायला घेतली. नावापुढे पत्ता नाही, खुणा. "पिठाच्या गिरणीसमोरचा बोळ." "विहिरीशी कुणालाही विचार." एकूण चौदा घरं : सातारा २, कराड २, कोल्हापूर ३, रत्नागिरी ४, गुहागर १, चिपळूण २.

तुळशीची लग्नं लागली की लगेच येणारा गुरुवार ते रविवार हातात आहे. माझा बेत असा : गुरुवारी सातारा आणि कराड, मुक्काम मावशीकडे. शुक्रवारी कोल्हापूर, मामाकडे. शनिवारी आंबा घाटातून रत्नागिरी. रविवारी गुहागर, चिपळूण करून कुंभार्ली घाटाने परत पुणे. कागदावर बसतंय.

अडचण खाण्याची आहे. परवाच्या रविवारी रंगीत तालीम म्हणून पुण्यातलीच तीन घरं केली. पहिल्या घरी पोहे आणि शिरा. दुसरीकडे "घोटभर चहा घ्या फक्त", त्या चहाबरोबर साबुदाणा वडे. तिसऱ्या घरी ताटाभोवती रांगोळी काढून ठेवलेली, म्हणजे केळवणच. तो अमरावतीचा, पहिलं नको खरोखरच्या अर्थाने म्हणतो. आमच्याकडे पहिलं नको कुणी ऐकतच नाही. तिसऱ्या घरी दुसरी पुरणपोळी पानात पडली तेव्हा त्याने माझ्याकडे जे बघितलं, ते मी विसरणार नाही. शिवाय रिकाम्या हाताने पाठवायचं नाही म्हणून प्रत्येकाने नारळ दिला. ते डिकीत आहेत आणि प्रत्येक वळणावर इकडून तिकडे गडगडत जातात. आता ते घेऊन आम्ही कोकणात जाणार.

दुसरी अडचण मुक्कामाची. मामी फोनवर म्हणाली, "दोघंच? लग्नाआधी? बरं दिसतं का ते? चुलत बहिणीला तरी घे बरोबर." म्हणजे लग्नाआधीच पाठराखीण. आणि गुहागरच्या आत्याकडे मुक्काम ठरलेलाच नव्हता, तासाभरात निघायचं होतं. पण त्याने उत्साहाने फोन घेतला आणि म्हणाला, "आत्या, आम्ही रविवारी येऊन राहिलो." वऱ्हाडीत याचा अर्थ येतोय एवढाच. आत्याने ऐकलं की येऊन राहणार. तिने म्हणे गाद्या उन्हात घातल्या. ती ८४ वर्षांची आहे, लग्नाला येऊ शकणार नाही. आता तिला कोणत्या तोंडाने सांगू की तासाभरात निघणार आहोत?

कुणी अशी फेरी केली आहे का? कुणालाही न दुखावता चौदा घरं कशी उरकायची?

घाटमाथा :
अभिनंदन. ताई, तुमचा बेत उलटा फिरवा. पोफळीवरून कुंभार्ली चढून कोयनानगर, पाटण करत तुम्ही कराडलाच उतरणार आहात. मग कराड-सातारा जाताना कशाला? येताना करा. गुरुवारी पुण्याहून थेट कोल्हापूर, साधारण २३० किमी. खंबाटकी घाट आडवारीच चढताय हे बरं, शनिवारी सकाळी तिथे गाड्यांची रांग असते. दुसरं, शुक्रवार हा अंबाबाईचा वार. दर्शन गुरुवारी संध्याकाळीच उरका. शुक्रवारी सकाळी कोल्हापूरची घरं, जेवून निघा आणि उजेडात आंबा घाट उतरा. त्या बाजूला संधिप्रकाशात गवे रस्त्यावर येतात. शनिवारी रत्नागिरीहून गणपतीपुळे, तिथून जयगडला गाडी फेरीबोटीत घाला, पलीकडे तवसाळला उतरलात की गुहागर तालुकाच. नाहीतर हायवेला येऊन चिपळूणवरून मोठा वळसा पडतो. म्हणजे आत्याकडे मुक्काम आपोआप शनिवारी येतो. रविवारी पहाटे निघा, दिवस मोठा आहे.

चकलीचा_सोऱ्या :
वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. शिवाय तुमची कुलदेवता अंबाबाई असेल तर पहिली पत्रिका तिच्यापुढे ठेवून मग नातेवाइकांकडे जाता येईल. तुमच्या बेतात साताऱ्याचे काका देवीच्या आधी येत होते. आईच्या नजरेतून ते सुटलं कसं?

खाण्याचं सांगते. एका गावात एकच घर धरा. फोन वडिलांना करू दे, तुम्ही नाही. "रत्नागिरीत जेवण थोरल्याकडे, बाकी तिघांनी तिथेच यायचं, अक्षत सगळ्यांना तिथेच." थोरल्याचा मान राहतो आणि बाकीच्यांची सुटका होते. हो, सुटका. आमच्याकडे भाचा आला होता तेव्हा मी पहाटे उठून पुरण वाटलं आणि तो म्हणाला, आत्ताच खाऊन आलो. मीही मनातून सुटले असते, पण बोलायचं कुणी?

एखादं घर ऐकणार नाहीच. तिथे डबा मागून घ्या. डबा मागितला की कुणाला नाही म्हणवत नाही.

सनातनी_नाही_पण :
मामी चुकीचं बोलत नाही. गावात लोक बघतात. बहीण नेली तर काय बिघडतं?

घाटमाथा :
मागची सीट तिची, नारळ मांडीवर. बिघडत काही नाही, पण चार दिवस रजा कोण देणार तिला? कोल्हापुरात मुक्काम मामाकडेच आहे ना, मग मामीच्याच देखरेखीखाली आहेत की दोघं!

चकलीचा_सोऱ्या :
मामीसमोर त्याला "तो" म्हणू नकोस, "ते" म्हण. निम्मी तक्रार तिथेच मिटते. अनुभवाचे बोल.

आणि पत्रिकांना चारी कोपऱ्यांना हळदीकुंकू घरूनच लावून ने. गाडीत लावायला गेलीस की सीटचं काय होतं ते आमच्या गाडीत अजून दिसतं. आल्यावर बाहेरगावची कामं संपव, हळद लागल्यावर वेस ओलांडू देणार नाहीत.

धागाकर्ती :
सगळ्यांचे आभार. बेत उलटा केला. आई म्हणाली, देवीचं तिच्या लक्षात आलं होतं, मी कधी विचारतेय याची वाट बघत होती. बाबांनी रत्नागिरीला फोन केला. थोरल्या काकांकडे जेवण ठरलं, पण धाकट्या काकूने "मग नाश्ता माझ्याकडे" म्हणून मधला रस्ता काढलाच. चौदाची बारा घरं झालीत.

आत्याला मीच फोन केला. आधी ती रविवारऐवजी शनिवारी येतोय म्हणून खूश झाली. मग मी चाचरत विचारलं, की आम्ही दोघंच आहोत, मामी म्हणत होती... तिने वाक्य पुरं होऊच दिलं नाही. "तो पडवीत झोपेल, तू माझ्याजवळ. यात विचारायचं काय?" आणि मग, "त्याला भात किती लागतो?"

नारळांचं सांगितलं तेव्हा ती बराच वेळ हसली. पण घेऊन या म्हणाली, यंदा तिच्या माडावर माकडांनी काही ठेवलेलं नाही.

आता एकच राहिलं : जयगडहून शनिवारची शेवटची फेरी किती वाजता सुटते, कुणी अलीकडे गेलं असेल तर सांगा. पुळ्याला देवदर्शन आणि तिथल्या वाळूत थोडं बसणं यात वेळ जाणार, हे मी धरून चालले आहे.